मुक्या रिळावरची हवेली

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो, पण सकाळच्या चहाबरोबर, आणि बहुतेक वेळा हसून पान उलटतो. माझी उमेदीची वर्षं डार्करूममध्ये गेली. लाल दिव्याच्या उजेडात एकट्यानं उभं राहायचं आणि पाण्यातल्या कागदावर माणसांचे चेहरे हळूहळू वर येताना बघायचे. त्यातले काही चेहरे तोवर जगातून गेलेलेही असत. भुतं दिसायचीच असती तर मला तिथं दिसली असती. कधी काही दिसलं नाही.

जे घडलं ते भर दुपारी, माणसांनी गच्च भरलेल्या एका गोदामात घडलं. केजच्या बाजारात. आणि त्यात भूत नव्हतंच... म्हणून तर ते कशात मोडतं हे मला अजून कळलेलं नाही. आता वय झालं. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यापैकी कोणी असेलसं वाटत नाही. तेव्हा एकदा लिहून टाकतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, अंबाजोगाईला सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणायचे. मी त्याआधी पुण्याला एका मूकपट कंपनीत कॅमेऱ्याचं हँडल फिरवत असे. बोलपट आले, आणि कंपनी बसली. त्याच सुमारास माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. मग मी हैदराबादला एका फोटो स्टुडिओत लागलो. एकट्यापुरती चूल पेटवायचा कंटाळा, म्हणून बरेचदा फुटाणे खाऊन झोपायचो. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नसे. गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा वर घ्या" एवढंच काय ते बोलणं.

अशात एक युरोपियन साहेब स्टुडिओत आला. निरनिराळ्या जमातींच्या रीतीभातींचा अभ्यास करणारा. मेक्सिकोच्या डोंगरात ताराहुमारा नावाचे लोक राहतात, त्यांच्यात राहून त्यानं त्यांच्या पूजांची, नाचांची फिल्म घेतली होती. आता त्याला आपल्याकडच्या लमाणांचं लग्न हवं होतं... सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "ये सब जल्दी जाएगा. जाने से पहले डिब्बे में रखना है." त्याला हातानं फिरवायचा कॅमेरा चालवणारा माणूस हवा होता. मला कुठंतरी निघून जायचंच होतं. मी निघालो.

बीडला पोचलो आणि साहेबाला हिवतापानं धरलं. मुसाफिर बंगल्यात घोंगडीखाली थडथडत तो मला म्हणाला, तू पुढे हो, मी येतोच. तो काही आला नाही. कॅमेरा, तिकाटणं, फिल्मचे डबे आणि एक तंबू बैलगाडीत टाकून मी मांजरसुंब्याचा घाट चढलो, आणि केजच्या वाटेला डोंगराच्या सपाटीवर वसलेल्या एका तांड्याशी उतरलो. तांड्याचा प्रमुख सोमला नायक. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. तहसीलदाराचा परवाना त्यानं हातातसुद्धा घेतला नाही.

"कावून आलाव? नावं लिहून न्यायला?"

"नाही नायक. नुसतं लग्न बघायला."

"बघून काय करतेव?"

मी कॅमेरा उघडून दाखवला. त्यानं आत डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "ऱ्हावा. पन तांड्याभाईर."

लग्न त्याच्याच मुलीचं, रुपलीचं. नवरदेवाकडचे लोक बैल घेऊन दूरच्या बाजाराला गेलेले, त्यामुळे लग्न पुढं पुढं जात होतं. मी तंबूत बसून राहायचो. समोर उघडा माळ, कुसळी गवत, आणि दिवसभर वारा. तांड्यातली माणसं आपसात गोरबोलीत बोलत, मला कळत नसे, आणि मी गेलो की गप्प होत. हैदराबादच्या खोलीत मी एकटा होतो त्याला निदान चार भिंती होत्या. इथं तेवढंही नव्हतं.

एके दिवशी रुपलीची आई भाकरी घेऊन आली. सालीबाई तिचं नाव. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांचा घागरा, पण चेहरा अगदी शांत. भाकरी ठेवून म्हणाली, "खा. एकटं मानूस उपाशीच निजतं." तिचा आवाज जरा विचित्र, सपाट होता. मी काही विचारलं तर तिची नजर माझ्या डोळ्यांवर नाही, ओठांवर असायची. मग कळलं, रुपली पोटात असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. ठार बहिरी. रुपलीचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. जे काही ऐकलं ते पोरीच्या ओठांवरून.

सोमला नायक अभिमानानं सांगायचा, "लांब बांधावर दोघं भांडत असले तर हितं बसून ही सांगती, काय चाललंय ते."

आता गंमत अशी, की मूकपटात माझं आयुष्य बिनआवाजी तोंडं बघण्यात गेलेलं. मी तिच्याशी बोलताना आवाज काढणंच सोडून दिलं. नुसते ओठ हलवायचो. तिला सगळं कळायचं. आणि एका दुपारी, कसं कोण जाणे, मी तिला माझ्या बायकोबद्दल सांगायला लागलो. जे कोणाला सांगितलं नव्हतं ते. आवाज काढावा लागत नव्हता म्हणूनच बहुधा सांगता आलं. शेजारी कोणी उभं असतं तर त्याला वाटलं असतं, दोन माणसं गप्प बसली आहेत. सालीबाई शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठताना म्हणाली, "दादा, तुमी लई दिवसानं बोललाव." एवढंच. ती बाई मला कोणी लागत नव्हती, पण त्या माळावर माझं म्हणावं असं तेवढंच माणूस होतं.

अखेर नवरदेवाकडचे आले आणि लग्न लागलं. मी दिवसभर हँडल फिरवत होतो. ज्यासाठी साहेबानं मला धाडलं होतं तो विधी शेवटचा — पाठवणीचा. लमाणांत नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर तिला उभी करतात. तिथं उभं राहून, दोन्ही हात वर करून, ती रडत रडत गाणं म्हणते. बापाचं घर, भाऊ, गाईगुरं, पाणवठा, सगळ्यांचा निरोप घेते, सगळ्यांचं भलं मागते. त्या गाण्याला ते "हवेली" म्हणतात.

साहेबाची ताकीद होती, चेहरा जवळून घे. रुपली बैलावर उंच उभी राहणार म्हणून मी कॅमेरा एका रिकाम्या गाडीवर चढवला, तिच्या अगदी समोर. दुसऱ्या दिवशी सकाळचं चांगलं ऊन होतं. ती उभी राहिली, तोल सावरला, हात वर केले, आणि गायला लागली.

मी आजवर तसं गाणं ऐकलेलं नाही. शब्द कळत नव्हते, पण घसा आतून सोलून काढल्यासारखा तो आवाज... बायका रडत होत्या, सोमला नायक मान फिरवून उभा होता. सालीबाई बैलाच्या पुढ्यात उभी राहून लेकीच्या ओठांकडे बघत होती. मला रडून चालणार नव्हतं. हँडलची लय चुकली की पडद्यावर माणसं धावायला लागतात. आम्ही कॅमेरावाले त्यासाठी मनात एखादी चाल घोळवायचो आणि त्या तालावर हात फिरवायचो. गाणं संपलं, रुपलीनं हात खाली घेऊन तोंड झाकलं, आणि माझं रीळही संपलं.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण त्या दिवशी ती काय गायली ते सगळ्या तांड्यानं ऐकलं होतं. हवेलीच गायली होती ती. सालीबाईनं स्वतः मला नंतर एकेक ओळ मराठीत समजावून सांगितली होती.

मी हैदराबादला परतलो, फिल्म धुतली, प्रिंट काढली. रात्रंदिवस तेच काम. रुपलीचं रीळ मी कितीदा तरी बघितलं असेल. फार सुरेख उतरलं होतं. त्यात वावगं असं काही नव्हतं.

साहेब बरा झाला तोवर उन्हाळा लागला होता. त्याची पद्धत अशी, की घेतलेली फिल्म त्याच लोकांना दाखवायची आणि हे काय, ते काय, असं त्यांच्याच तोंडून अर्थ काढून घ्यायचा. तांड्यावर पडद्याची सोय होईना, म्हणून केजच्या एका व्यापाऱ्याचं सरकीचं गोदाम मिळवलं. बाजाराचा दिवस होता. खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या, भिंतीला धुतलेलं धोतर ताणून लावलं. कार्बाइडच्या गॅसवर जळणाऱ्या दिव्याचा प्रोजेक्टर होता. तोही हातानंच फिरवायचा. आत उकाडा, सरकीचा उग्र वास, आणि सगळा तांडा दाटीनं बसलेला. वर बाजारातले बघे वेगळेच. सालीबाई अगदी पुढं, पडद्यापाशी. मी सगळ्यांच्या मागं, हँडलवर.

लोकांना मजा वाटत होती. पडद्यावर कोणी ओळखीचं आलं की ओरडा व्हायचा. "आरं हा लक्ष्या बग, तोंड बग याचं!" हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मग मी शेवटचं रीळ लावलं. बैलावर रुपली दिसली आणि गोदाम शांत झालं. तिनं हात वर केले. ओठ हलायला लागले.

आणि सालीबाई उभी राहिली.

तिच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली. मागून लोक ओरडले, "बस की गं, खाली बस!" तिला कुठलं ऐकू येणार. ती पडद्याच्या आणखी जवळ गेली. रुपलीचं तोंड अगदी तिच्या तोंडासमोर. मग पडद्यावरची नजर न काढता तिनं नवऱ्याला गोरबोलीत काहीतरी सांगितलं. त्या सपाट आवाजात, पण इतक्या जोरात की सगळे दचकले.

रीळ संपलं. मी दिवा झाकला, कोणीतरी घोंगडी बाजूला केली. साहेबानं मला विचारलं, "क्या बोलती है?"

सोमला नायकाचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "ती म्हनती, पोरगी हवेली म्हनत न्हाई."

"मग?" मी विचारलं.

"म्हनती... याडी, मी बारवंत हाय. पाय मोडला. दगडाचा हत्ती हाय वर. ये."

याडी म्हणजे आई.

कोणीतरी हसलं. नायक बायकोला समजावत होता — अगं तवा गायली की ती, आपन सगळ्यांनी ऐकलं, तूबी बगितलं. सालीबाई मान हलवत होती. "तवा हवेली म्हनली. आता न्हाई म्हनत. दादा, पुन्यांदा फिरवा."

मी रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. या वेळी मीही जीव लावून बघत होतो. हात तेच, ऊन तेच, बैलाची मान हलली तीही त्याच जागी. ओठांत मला काही फरक कळला नाही. खरंच कळला नाही. सालीबाई मात्र पडद्याला जवळजवळ चिकटून, रुपलीच्या ओठांबरोबर एकेक शब्द मोठ्यानं म्हणत गेली. आणि शब्द ओठांत बसत होते. जिथं ती "बारव" म्हणाली तिथं पडद्यावरचे ओठ मिटले. पण हवेलीतही बापाचं नाव येतं, भावाचं येतं, तेव्हाही ओठ मिटणारच... मला काय सांगता येणार?

साहेबाला वाटलं, आईच्या मनाचे खेळ आहेत. तो सभ्य माणूस होता, हसला नाही. पण रुपलीची खबर कोणालाच नव्हती हे खरं होतं. तिच्या सासरचा तांडा गुरं घेऊन धारूरकडे गेलेला, आणि त्या बाजूला पटकीची साथ उठली आहे असं बाजारात लोक बोलतच होते. बघ्यांमधला एक कापडवाला पुढं आला. म्हणाला, "हत्तीची बारव हाय की. धारूरच्या जुन्या वाटंला, डोंगराच्या पोटात. नवा रस्ता झाल्यापसून तिकडं कुनी जात न्हाई."

सालीबाई त्याच्या ओठांकडे बघत होती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि गोदामाच्या दारातून बाहेर पडली. चालत. उन्हात. धारूर कुठल्या दिशेला हेही तिला ठाऊक असेल-नसेल.

मी साहेबाला म्हटलं, बाहेर उभी आहे ती तुमची मोटार द्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि ड्रायव्हरला हाक मारली.

सालीबाई, नायक, तो कापडवाला आणि मी. रस्ता कसला, दगडांची रांग होती. डोंगराच्या पायथ्याशी मोटार अडली तेव्हा दिवस बुडत होता. तिथल्या वस्तीवर थांबलो आणि फटफटताच पायी निघालो. मी मनातून स्वतःला शिव्या घालत होतो — काय करतोय आपण, एका बहिऱ्या बाईच्या भासामागं... आणि बारव रिकामी निघाली तर हिला परत कसं न्यायचं?

घाणेरीच्या झुडपांत बारव होती. वर काठावर दगडी हत्ती, गुडघ्यापर्यंत मातीत गेलेला. तो दिसला आणि कापडवाला जागच्या जागी बसला. सालीबाई थांबली नाही. पडक्या पायऱ्या उतरत गेली. नायक मागून हाका मारत होता. बायकोला त्या ऐकू येणार नाहीत हे तो त्या क्षणी विसरला होता.

खाली, पाण्याच्या कडेला, रुपली होती.

जिवंत होती. पाय सुजून वेडावाकडा झालेला, ओठ फुटलेले, अंग तापानं फणफणलेलं. पाणी हाताशी होतं म्हणून टिकली. नंतर उलगडा झाला तो असा — पटकीनं दोन माणसं दगावली तेव्हा सासरचा तांडा घाबरून दोन वाटांनी फुटला होता. रुपली पाण्याला बारवेत उतरली आणि पायरी निसटली. नवरा एका गटात, तो स्वतः तापानं गाडीत पडलेला. त्याला वाटलं, बायको त्याच्या आईबरोबर आहे. सासूला वाटलं, ती नवऱ्याजवळ आहे. कोणाचा दोष म्हणायचा? तिनं हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. मग नुसते ओठ हलत राहिले.

सालीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडली नाही. लेकीच्या ओठांकडे वाकून बघत होती. रुपलीचा आवाज मुळीच निघत नव्हता. मी विचारलं, ओठांनीच, "काय म्हणते?"

"म्हनती, लई उशीर केलास याडी."

झोळी करून तिला वर काढलं आणि मोटारीतून मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. पाय जोडला, पण थोडा आखूडच राहिला. नवरा पुढं शोधत शोधत आला. पोरगा वाळून काटकी झाला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. चांगला होता तो.

साहेबाची बोटीची वेळ जवळ आली होती. जायच्या आधी त्यानं सालीबाईला तेच रीळ एकदा पुन्हा दाखवायला लावलं. दवाखान्याजवळच्या एका कोठीत. मी फिरवलं. ती शांतपणे बघत बसली, आणि शेवटी म्हणाली, "आता गानं म्हनती. हवेलीच हाय." साहेबानं मान डोलावली. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. आईचं काळीज, पटकीच्या बातम्या, एका जागेचा योगायोग. इंग्रजीत मला बरंच समजावलं. मीही "येस सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

हैदराबादला निघायच्या दिवशी मी रुपलीला भेटायला गेलो. व्हरांड्यात खाटेवर बसली होती. आवाज परत आला होता, घोगरा. सालीबाई अंगणात ओढणी वाळत घालत होती, आमच्याकडे पाठ करून. मी सहज विचारलं, "बारवेत भीती वाटली असेल ना गं?"

"पैल्यांदा वाटली. मग तापात काय कळंना." तिनं पायावरची चादर सारखी केली. "दादा, मला वाटायचं मी बैलावर हुबी हाय. लगनातल्यावानी. हात वर. पन या येळी मी गायली न्हाई. याडी म्होरं दिसली, म्हनून तिला सांगितलं, मी कुटं हाय ते."

मी व्हरांड्याच्या पायरीवर टेकलो. मग वाटलं, आईनं सांगितलं असणार गोदामातलं सगळं. त्यावरून हिनं स्वप्न जुळवलं. तसं होतं खरं माणसाचं.

मी म्हटलं, "आणि मी? मी पण होतो का तिथं, गाडीवर?"

"व्हताव की. पन गाडीवर न्हाई. लई अंधार व्हता, दिवसा कसा काय ठाव न्हाई. समदी मानसं खाली बसलेली, आन् तुमी लांब, समद्यांच्या मागं. तुमच्याजवळ एक लई पांढरा उजेड व्हता, माज्या डोळ्यात येत व्हता. तुमी मान खाली घालून ते फिरवत व्हताव."

रुपलीनं सिनेमा कधी पाहिला नव्हता. प्रोजेक्टर कसा असतो ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि सालीबाई — गोदामात ती पडद्याला चिकटून होती. माझ्याकडे, दिव्याकडे तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. रीळ संपून दिवा झाकल्यावरच ती वळली.

रुपलीनं जे सांगितलं ते पडद्यावरून खाली बघणाऱ्याला दिसलं असतं, तसं होतं.

ती माझ्याकडे बघत होती, जरा काळजीनं. मग म्हणाली, "तुमालाबी हाका मारल्या मी. याडीच्या आदी तुमालाच मारल्या, उजेडात तुमीच दिसलाव म्हनून. पन तुमाला ऐकू आलं न्हाई."

त्यानंतर मी तिला किंवा सालीबाईला कधी भेटलो नाही. पुढं एकदा मुद्दाम गेलो होतो, तर माळावर तांडा नव्हता. कुठं गेला ते कोणाला सांगता आलं नाही. साहेब रीळ घेऊन त्याच्या देशी गेला. आधी पत्रं यायची, मग लढाई सुरू झाली आणि तीही थांबली. नायट्रेटची फिल्म ती, भराभर जळणारी. कुठल्या म्युझियमच्या कपाटात असेल, नाहीतर कधीच राख झाली असेल.

मी पुष्कळ प्रकारे विचार करून बघितला आहे. योगायोग म्हणून बघितलं, तापातला भ्रम म्हणून बघितलं, कोणीतरी कोणाला तरी सांगितलं असेल म्हणूनही बघितलं. प्रत्येक वेळी थोडं काहीतरी उरतंच. कोणाशी बोलावं असं माणूसही पुढं मिळालं नाही. लग्न मी पुन्हा केलं नाही, आणि असल्या गोष्टी चहाच्या टेबलावर बोलायच्या नसतात. तुमच्यापैकी कोणाला उलगडा झाला तर जरूर कळवा. मला झालेला नाही.

भूत नव्हतं, हे मी आजही म्हणतो. एक जिवंत मुलगी होती, आणि ती सगळ्यांसमोर, लख्ख उजेडात, मदत मागत होती. हँडल माझ्या हातात होतं. मी ते नीट, एका लयीत फिरवत होतो... आणि मला काहीच ऐकू आलं नाही.